टोचतंय की नाही

"डोळे मिटा. टोचलं की नुसतं 'हो' म्हणायचं," डॉक्टर म्हणाले.

मुकादमबाईंनी डोळे मिटले. धुलाईच्या कारखान्यात सत्तावीस बायका त्यांच्या हाताखाली. दुसऱ्याच्या सांगण्यावरून डोळे मिटायची सवय त्यांना नव्हती. उजवा हात टेबलावर पालथा ठेवून त्या ताठ बसल्या. मागच्या आठवड्यात याच हातातून ओल्या चादरींचा गठ्ठा सुटला होता, तोही नेमका साहेबांसमोर. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एक कागद पुढे केला. नसांच्या डॉक्टरांची सही आणायची, कामाला योग्य म्हणून.

सही घेऊनच परतायचं, असं त्या घरून ठरवून निघाल्या होत्या. चार महिने मान आखडली होती. कळ खांद्यातून निघायची ती थेट कोपराखाली उतरायची, आणि मधलं बोट तर आपलं वाटेनासंच झालं होतं. यातलं अक्षरही त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. "उशी बदलली, म्हणून मान जरा धरलीय," एवढंच.

"हो," त्या म्हणाल्या. अंगठ्याला खरंच टोचलं होतं. "हो." मग काही कळेना. थोडं थांबून त्यांनी अंदाजानं म्हटलं, "हो." ठेका सापडला तसा आवाजही ठणठणीत झाला. "हो. हो."

"डोळे उघडा, मावशी."

डॉक्टरांनी टाचणी केव्हाच बाजूला ठेवली होती. "शेवटच्या तीन वेळा मी टोचलंच नव्हतं."

मुकादमबाईंची कानशिलं तापली.

"दुखत नसताना दुखतं म्हणणारे रोज येतात माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासारखे क्वचित."

मग त्यांनी छोटी हातोडी घेतली. डाव्या कोपरामागे ठोकल्यावर हात टुणकन उडाला. उजवा ओंडक्यासारखा पडून राहिला. "आता मला ढकला बघू." ओल्या कपड्यांची गाडी एकटीनं रेटणारा तो हात डॉक्टरांच्या दोन बोटांपुढे दुमडला. शेवटी डॉक्टरांनी त्यांचं डोकं उजवीकडे कलतं करून वरून हलकेच दाबलं, आणि इतका वेळ दातांखाली धरलेलं "आई गं!" खोलीभर झालं.

डॉक्टरांनी लगेच हात काढला. भिंतीवरच्या उजेडात, तपासणीआधीच काढून घेतलेली मानेची एमआरआयची फिल्म लावली. "ही मणक्यांमधली गादी सरकलीय. इथे नस चिरडतेय. असंच चालू ठेवलंत तर हात लुळा पडेल, मग ऑपरेशन करूनही ताकद परत येईल याची खात्री नाही. ओझं आजपासून बंद."

"आणि सही?"

"योग्य म्हणून नाही देता येणार. 'फक्त हलकं काम' असं लिहितो. घड्या घालायचं टेबल असेलच की तुमच्याकडे."

टेबल होतं. खिडकीपाशी, दोन खुर्च्यांचं. दोन वर्षांपूर्वी काडी त्याच टेबलाकडे बघत उभी होती. काडी म्हणजे गठ्ठे वाहणारी एक उंच, हडकुळी बाई. डावा पाय फरफटत आली होती, हातात असाच कागद, त्यावर हेच तीन शब्द. मुकादमबाईंनी तो वाचला, घडी घातली आणि तिच्याच हातात परत दिला. "पाठ काय तुला एकटीलाच आहे?" सगळ्या बायका हसल्या होत्या. मुकादम झाल्यावरही मुकादमबाई स्वतः गठ्ठे उचलत, त्यामुळे त्यांना उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. काडीनं महिनाभर तसंच ओझं वाहिलं, मग ती यायची बंद झाली. साहेब तेव्हा खूश होऊन म्हणाले होते, "तुम्ही आहात म्हणून माझ्यापर्यंत काही येत नाही."

मुकादमबाई बोटं चोळत बसून राहिल्या. मधल्या बोटाला ते चोळणंही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी लिहून शिक्का मारला. साहेबांच्या कागदावर 'धुलाई कामगार' एवढंच होतं. त्यावरून डॉक्टरांनी त्यांना गठ्ठे वाहणारी साधी कामगार धरलं होतं.

"हा तुमच्या मुकादमाला दाखवा," ते म्हणाले. "माणूसच असेल ना तोही. समजून घेईल."

"नाही घेणार."

"विचारल्याशिवाय कसं ठरवता, मावशी?"

मुकादमबाईंनी डाव्या हातानं कागद घेतला.

"मुकादम मीच आहे."