माळावरची घंटा

सांगोल्याकडच्या माळावर शेततळं खणताना जेसीबीच्या दातांत मुठीएवढी काशाची घंटा अडकून वर आली. ती बघायला सोलापूरहून आलेले इतिहासाचे प्राध्यापक यज्ञेश्वर सर म्हणाले, सात-आठशे वर्षांची तरी असावी. सरपंचांनी तिथल्या तिथं निकाल लावून टाकला.

"म्हंजी हितं देऊळ हुतं. उद्याच कुंपण घालू. तानाबाई, तुमची मेंढरं आता ह्या माळावर न्हाय यायची."

तानाबाईचा आजेसासरासुद्धा ह्याच माळावर मेंढरं राखत म्हातारा झाला होता. "घंटा देवळातलीच, कशावरनं?" तिनं विचारलं.

"मग आनि कुटली असती?" सरपंच हसले.

तानाबाईनं सरांच्या हातातून घंटा घेतली, अंबाड्यातला आकडा काढून आतली माती कोरली आणि सांजच्याला कळप गोळा करताना हलवायची तशी हलवली. लांब ओढ्याकाठी चरणाऱ्या दीडशे मेंढरांनी माना वर केल्या. धुरळा उडवत ती आली आणि सरपंचांच्या पायांत घुसून उभी राहिली.



"देव यायचा तवा यील, सरपंच," तानाबाई म्हणाली. "ज्यांची घंटा हाय, ती आली."