मालकाचा ताप

फीबीने ओल्या फडक्याची घडी मालकाच्या कपाळावर ठेवली, तेव्हा तिच्या पाठीवरचे वळ अजून ठणकत होते. टोपलीतला कापूस वजनात कमी भरला म्हणून अ‍ॅम्ब्रोस लॅथमने तिला स्वतःच्या हाताने चाबकाने फोडून काढलं होतं. आता त्याच हाताला पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. डॉक्टरने तर आशाच सोडली होती.

मिसिसिपीतल्या त्या मळ्यावरचे गुलाम त्याच्या मरणाची वाट बघत होते. का बघू नये? असा माणूस मेला तर कोण रडणार होतं?

टेम्पी मावशी मक्याची पेज घेऊन आली आणि फीबीजवळ वाकून कुजबुजली, "काय गं, सख्खा बाप असल्यासारखी जपतेस त्याला? जाऊ दे की मेल्याला."

"तो गेला की त्याचे तिघे मुलगे आपल्याला वाटून घ्यायला आपणा गुलामांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतील, मावशी. याचा बाप, थोरला मालक मेला तेव्हा टाकल्या होत्या तशा. तुझा नवरा कुणाच्या वाट्याला गेला?"

खाली बसून मावशीने मालकाची मान उचलून धरली, आणि फीबी त्याला पेज भरवू लागली.

फीबीची दोन मुलं आधीच विकली गेली होती. उरलेली एकटी लेक, सुकी, खिडकीतून दिसणाऱ्या शेतात कापूस वेचत होती. मालकाचा श्वास अडखळला की फीबी तिकडे बघायची आणि पुन्हा फडकं भिजवायची. ज्याचा जीव घ्यावासा वाटत होता, त्याच्याच जिवासाठी ती देवाला विनवत होती.

अखेर ताप उतरला. लॅथम हिंडूफिरू लागला. एके दिवशी दुपारी त्याने फीबीला ओसरीवर बोलावलं. इतक्या मऊ आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

"तू नसतीस तर मी उरलो नसतो. मी उपकार विसरणारा माणूस नाही. आमची लव्हिनिया लग्न होऊन टेक्सासला चाललीय. पोर नाजूक, सारखी आजारी पडते. आहेरात तिला चांदीची भांडी देणार होतो, आता त्यांच्याऐवजी तुलाच तिच्याबरोबर देतोय. तुझ्यासारखी सेवा दुसरं कोण करणार? तिथे कापूस वेचायला नको, की चाबूक नको."

फीबीने ओसरीचा खांब धरला.

"आणि सुकी, मालक?"

"तिची बोटं चपळ आहेत," लॅथम कौतुकाने म्हणाला. "ती इथेच राहील."