दोन बोटं कमी

"ताठ उभी राहा," आईने भिंगरीच्या कानात सांगितलं. "मान वर. विमान दिसतंय असं समज."

भिंगरीने मान वर केली, पोट पुढे काढलं आणि श्वास कोंडून गाल फुगवले. तरी आकाशपाळण्याच्या फाटकाशी खांबावर रंगवलेली लाल पट्टी तिच्या डोक्याच्या वरच राहिली.

"श्वास सोड गं," तिचा बाप म्हणाला. "फुग्यासारखी वर जाणार आहेस का?"

पोरीला इथे आणायचं योग्य वय कोणतं, यावर घरात वर्षभर खल झाला होता. आत्याचं मत, सहावं. त्याआधी पोरं दुपारीच पेंगतात आणि आईबापांच्या नशिबी नुसती हमाली. बापाचं मत, पाचवं. त्याआधीचं म्हणे डोक्यात काही टिकतच नाही. भिंगरीचं मत, आत्ता. आबांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि आबा तर रोज सकाळी बूट चढवून दारात उभे. "चला, नातीला माझा पाळणा दाखवतो." उभी हयात त्यांनी याच पाळण्यावर काढली होती. हल्ली मात्र ते चष्मा फ्रिजमध्ये ठेवत, आणि परवा आरशातल्या माणसाला "बसा ना, उभे का?" म्हणाले होते.

त्या रात्री भिंगरीची आई नवऱ्याला म्हणाली, "हिच्या लक्षात राहायला लागेल, तोवर त्यांच्या लक्षातून जाईल. दोघांनाही जमेल असं एखादं वर्ष आहे तुझ्याकडे?"

नव्हतं. मग एकाच्या तरी लक्षात राहू दे, म्हणून तिनेच हट्टाने चौथं ठरवलं.

आणि सकाळपासून आबा काय खुलले होते! बसमध्ये त्यांनी नातीला सगळं समजावलं. एकाच बाजूला माणसं भरायची नाहीत, पाळणा रुसतो. इथे एक जोडी बसवली की दुसरी समोरच्या अंगाला. भिंगरीची आई खिडकीबाहेर बघत मनात म्हणत होती, जमलं बाई, वेळेत जमलं.

फाटकावर गणवेशातली एक बाई होती. बापाने तिला बाजूला घेऊन आबांचं सांगितलं. बाईचा चेहराच बदलला. "अगोबाई, म्हणजे घरचाच पाळणा की! दोन बोटांसाठी कोण अडवतंय? या आबा, तुम्हीच बसवा नातीला." तिने साखळीचा आकडा काढला.

साखळी खळकन वाजली. आबांची पाठ सरळ झाली.

"थांबा," ते म्हणाले.

हा आवाज भिंगरीच्या आईने कधी ऐकला नव्हता. त्यांनी पोरीच्या डोक्यावर आडवा हात ठेवला, तसाच खांबापर्यंत सरकवला आणि वरची फट बोटांनी मोजली. "दोन बोटं कमी. नाही चालणार."

भिंगरी खिदळली. तिला वाटलं, गंमत चाललीय. "आबा, मी आहे!"

"कोणाची गं तू?"

"तुमची!"

"असं सगळेच सांगतात," आबा हसले. "कोणाची का असेनास, पट्टी सगळ्यांना एकच. माझ्या स्वतःच्या पोराला मी इथून परत धाडलाय. टाचा वर करून उभा होता लबाड."

"आबा," तो लबाड कसाबसा म्हणाला, "मीच तो."

आबांनी त्याच्या विरळ झालेल्या केसांकडे पाहिलं. "साहेब, ओळख सांगू नका. रांगेत या."

मागून कुणीतरी करवादलं, "अहो, सरकताय का?" बाई आकडा हातात धरून तशीच उभी, लावावा की सोडावा, तिला कळेना. बापाने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. तिला फक्त पुढे होऊन आबांचा हात धरायचा होता. घरी रोज धरायचीच की. पण तो हात आत्ता खांबावर होता, आणि थरथरत नव्हता. चहाचा कप तोंडापर्यंत नेताना निम्मा सांडणारा हात. आता तिथून सोडवून त्यांना कुठे न्यायचं? घरी? तिथे तर त्यांना आरशातलाही माणूस ओळखीचा नव्हता.

ती पुढे झालीच नाही.

भिंगरीला आता कळायला लागलं होतं. खालचा ओठ बाहेर आला, आणि तिने भोकाड पसरलं. आबा गुडघे धरत धरत खाली वाकले. खिशातला रुमाल काढून तिचं नाक पुसलं, अगदी घरी पुसत तसं, आधी एक बाजू, मग दुसरी.

"असं रडतात होय? थोडी मोठी हो. पाळणा कुठे पळून जात नाही." मग ते उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सुनेसमोर अदबीने म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी आणा हिला. मी इथेच असतो."

आबा उत्तराची वाट बघत होते.

"हो, काका," ती म्हणाली. "आणते."

भिंगरीचं रडू तिथेच थांबलं. तिने आईचा हात जोरात ओढला.

"आई, काका काय म्हणतेस? आबा आहेत ते."