बाबांची घंटी

मीटरवर पुन्हा शून्य आलं. निशिगंधाने तारांची टोकं पुसून परत लावली. तरी शून्यच.

शनिवारची सकाळ होती. चहाचा कप बाजूला सारून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सासऱ्यांच्या घंटीचं खोकं उघडलं होतं. शून्याचा अर्थ तिला ठाऊक होता. आतले दोन्ही सेल मेलेले नव्हते. ते फार उतरले म्हणून पॅकमधल्या संरक्षक सर्किटने वाट बंद केली होती, इतकंच. चार्जर लावला की पॅक जागा झाला असता. प्रश्न वेगळाच होता. आठवडाभर पुरायला हवा तो पॅक रोज सकाळी रिकामा का सापडतो?

आणि ही बाई जर्मनीत, कार्ल्सरूहेला, लिथियम सेलवरच डॉक्टरेट करत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घंटी तिनेच बनवली होती. सासऱ्यांना, म्हणजे दिनकररावांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. काठी घेऊन ते चार पावलं टाकायचे, पण उजव्या हातात अजून जीव नव्हता. नवरा हृषिकेश कंपनीच्या कामासाठी चार महिने मेक्सिकोला गेलेला. दिवसा मदतीला बाई मिळावी म्हणून केलेला प्फ्लेगेग्राडचा, म्हणजे तिथल्या देखभाल-विम्याच्या मदतीचा, अर्ज अजून मंजूर व्हायचा होता. तेव्हा तिने ही युक्ती काढली. बाबांनी पलंगाच्या कठड्यावरच्या खोक्याचं बटण दाबायचं, की खोकं दहा सेकंद संदेश पाठवत राहायचं आणि तिच्या खोलीत तिच्या उशीखालचं यंत्र तेवढा वेळ थरथरायचं. चुकून बंद पडायला नको म्हणून तिने खोक्याला स्विच ठेवला नव्हता. दिवा उगाच बॅटरी खातो म्हणून दिवाही नाही.

पहिले काही दिवस बाबा रात्रीतून सात-आठ वेळा बोलवायचे. ती धावत जायची. बघावं तर तहान नाही, बाथरूमला जायचं नाही. "किती वाजले गं?" एवढंच विचारायचे, आणि सुनेला उठवल्याबद्दल स्वतःच ओशाळायचे. ती पांघरूण नीट करून परत यायची आणि दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये डुलक्या काढायची. पुढे हळूहळू ते थांबलं. रात्री शांत जाऊ लागल्या. "बाबा रुळले इथे," असं तिने हृषिकेशला फोनवर सांगितलंसुद्धा.

नेमका तेव्हापासूनच पॅक दगा देऊ लागला. सकाळी भरून द्यावा, तर दुसऱ्या सकाळी रिकामा. तिने सेल बदलले. सर्किट बदललं. टेबलावर ठेवून पाहिलं तर तोच पॅक चार-चार दिवस बिनतक्रार चालायचा. बाबांकडे गेला की संपायचा. चांगले सेल तिने फेकले, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, पण दोष हाती लागला नाही.

आणि गुरुवारी सकाळी बाबा बाथरूमच्या दारात फरशीवर पडलेले सापडले. हाड मोडलं नव्हतं, हे नशीब. किती वेळ पडून होते, ते काही सांगेनात. घंटी अर्थातच बंद होती.

त्या दिवशी तिने खोक्यातल्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या. बटण दाबलं की वेळेची नोंद व्हावी. शुक्रवारी पॅक भरून दिला आणि ती कामाला गेली. रात्री बाबांच्याच खोलीत गादी टाकून झोपली. आता तिने खोकं लॅपटॉपला जोडलं.

आकडे सरकू लागले. पहिली नोंद शुक्रवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांची. ती घराबाहेर पडून वीस मिनिटं झाली होती. मग दर अकरा-बारा सेकंदांनी एक. शेवटची दुपारी एक चव्वेचाळीसची. एकूण चौदाशे अकरा. पुढे काहीच नाही. पॅक रात्री संपतच नव्हता, तो भरदुपारी संपत होता.

प्रयोगशाळेत बसून ती परक्या सेलांचे आलेख काढत होती, तेव्हा हा माणूस साडेचार तास तिला बोलावत होता. रिकाम्या घरात, रिकाम्या उशीला. एक दिवस नाही, रोज. तिला स्वतःची लाज वाटली.

ती बाबांच्या खोलीत गेली. ते पलंगावर टेकून बसले होते. ती त्यांच्या पायाशी खाली बसली.

"बाबा, मी गेले की दिवसभर बोलावत असता तुम्ही मला. मी इथे नसताना काय होतं तुम्हाला? खरं सांगा. मी सोमवारी प्रोफेसरांना सांगते, मला पुढे जमणार नाही म्हणून. मी घरीच थांबते."

दिनकररावांनी डावा हात जोरात हलवला. हल्ली शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा.

"दिवसा मला काही होत नाही गं. दिवसा मी बरा असतो. रात्री भीती वाटते. इतकी, की हात आपसूक बटणावर जातो. मला आवरतच नाही." ते थांबले, श्वास घेऊन पुन्हा म्हणाले, "म्हणून तू घरात नसतेस तेव्हाच सगळी घंटी वाजवून संपवतो, म्हणजे रात्री कितीही दाबलं तरी तुझी झोप मोडत नाही."