एक चतुर्थांशाचा घन

महासागरातल्या सखल अबेमामा बेटावरच्या शाळेत बिरिबो सरांनी रोतियाची वही तिच्यापुढे आपटली. "एक चतुर्थांशाचा घन शून्य? अगं, एकापेक्षा लहान अपूर्णांकाचा कितवाही घात घे, उत्तर लहान होत जाईल, पण शून्य कधीच होणार नाही."

"सर, पणजोबांची जमीन चार मुलांत वाटली. प्रत्येकाची परत चौघांत, मग परत चौघांत. दोन माडांचा तुकडा माझ्या वाट्याला आला."

"मग एक छेद चौसष्ट लिहायचं. एवढं सोपं."

"तेच लिहिलं होतं, सर. सकाळी भरती ओसरल्यावर तिकडे जाऊन आले. तरी तिथे पाणीच होतं, मग खोडलं."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. तिच्या तुकड्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, त्यांचा तुकडा होता. ते अजून बघायला गेले नव्हते.