पलीकडे कुणीच नाही

धाकट्या दिराने जुन्या कॉम्प्युटरच्या खोलीत जाणंच सोडलं, तेव्हा वहिनी स्वतः आली. दुरुस्ती हा तिचा धंदाच होता.

"एक अक्षर दाबलं की दोन उमटतात," तो दारातूनच म्हणाला.

वहिनी हसली. "भावजी, फोनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या टर्मिनल प्रोग्रामचं हे जुनंच दुखणं. एक अक्षर आपलं मशीन दाखवतं, दुसरं पलीकडचं परत पाठवतं."

तिने सेटिंग बदललं. तरी दोनच.

"टेबलामागे जा आणि फोनची वायर काढा."

त्याने काढली. आता पलीकडे कुणीच नव्हतं. तरी दोनच.

तिने पुन्हा बोट उचललं. ते बटणाला टेकायच्या आत अक्षर उमटलं. तिने हात मागे घेतले. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द आपोआप जुळू लागले: "भावजी, प्लग काढा."

नेमकं हेच तिच्या ओठांवर होतं. तिने ओठ घट्ट मिटले, पण भीतीने शब्द निसटलेच. "भावजी, प्लग काढा!"

त्याखाली दुसरी ओळ उमटली: "केव्हाच काढलाय."

टेबलामागून दीर उठला. चेहरा पांढराफटक, हातात कॉम्प्युटरचा विजेचा प्लग.

"वहिनी," तो म्हणाला, "केव्हाच काढलाय."