धक्क्यावर बसलेली माणसं

"रडायचं आणि मान खाली घालून गलबतात चढायचं. एवढंच," दिग्दर्शक म्हणाला.

जाळी विणणाऱ्या म्हातारीनं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं. "माझी आजी चढली नव्हती. शिपायांनी तिला उचलून नेलं. एकाच्या हाताला कडकडून चावली होती ती."

सिनेमा तिच्या आजीच्याच काळातला. राजाच्या शिपायांनी अख्खं बेट रिकामं केलं, तेव्हाचा. माणसं पुढे वल्ही मारत परत आली, पण ते सिनेमात नव्हतं. शिपाई शहरातून आणलेले नट होते, रडणारे बेटावरचेच. गलबत म्हणजे फळ्या ठोकून सजवलेली सरकारी लाँच. संध्याकाळी फळ्या काढून तीच लाँच सगळ्यांना कायमचं पलीकडे नेणार होती. मूठभर वस्तीसाठी दवाखाना चालवणं परवडत नाही, असं सरकारी साहेबाचं म्हणणं. गावानं बैठकीत मुकाट माना डोलावल्या होत्या. म्हातारीनंही. एकटीनं कुणाकुणाशी भांडायचं?

"सासूबाई, खोटं खोटं तर आहे," सून कुजबुजली. "चढा की."

"खोटंसुद्धा चढवत नाही गं."

कॅमेरा सुरू झाला. नगारा वाजला. म्हातारी गर्दीबरोबर थोडी चालली आणि धक्क्याच्या मधोमध फतकल मारून बसली. सून घुटमळली, मग तिला खेटून बसली. पाठोपाठ होडीवाला बसला. पाववाला बसला. विहिरीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोघे सख्खे भाऊ शेजारी शेजारी बसले. बघता बघता धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

नट एकमेकांची तोंडं बघू लागले. एकानं म्हातारीचा दंड धरला. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं हात काढून घेतला.

दिग्दर्शक आधी तणतणला, मग कॅमेऱ्याला डोळा लावून बघत राहिला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कट. असं मला लिहून जमलं नसतं. उठा आता, झालं."

कुणी उठलं नाही.

सावलीत उभा असलेला साहेब पुढे आला. "अहो, सिनेमा संपला. सामान आणा, निघायचंय."

म्हातारी आणखी ऐसपैस बसली.

"सिनेमा त्यांचा होता, साहेब," ती म्हणाली. "बसलोय ते आम्ही."